येंडा की रुपन्यप? ऑस्ट्रेलियातल्या शेतीच्या गावात राहायला जायचं असेल तर

४९१ व्हिसा (ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या शहरांबाहेर राहून काम करायचा तात्पुरता व्हिसा) मिळाला की सगळे सांगतात, सिडनी मेलबर्न ब्रिस्बेन सोडून कुठेही राहा. पण या "कुठेही"मध्ये फरक फार मोठा आहे, म्हणून दोन गावं शेजारी ठेवून बघूया, न्यू साऊथ वेल्समधलं येंडा आणि व्हिक्टोरियातलं रुपन्यप.

सरळ सांगायचं तर येंडा बागायती आणि रुपन्यप जिरायती, बाकी सगळं त्यातूनच येतं. येंडाच्या पट्ट्यात १९१२ पासून कॅनॉलचं पाणी फिरतंय, त्यामुळे द्राक्षं, संत्री, भात असं काही ना काही चालूच, फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षतोडणी, तिकडच्या थंडीत (जून ते ऑगस्ट) संत्री, शिवाय गावातच प्रचंड मोठी वायनरी आहे. म्हणजे नवरा-बायको दोघांनाही काम मिळायची शक्यता जास्त. रुपन्यपला पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, त्यावर गहू, बार्ली, हरभरा आणि मसूर (हो, आपल्या आमटीतला मसूर या भागातून भारतात जातो). पेरणी एप्रिल-मेमध्ये, काढणी नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हा दिवसरात्र कम्बाइन आणि ट्रक चालू, मधल्या काळात बाहेरच्या माणसाला काम फारसं नाही. शेतीशास्त्र किंवा धान्याच्या धंद्यातली पक्की नोकरी असेल तरच तिकडे जा असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट गाडी. येंडाहून ग्रिफिथ १६ किलोमीटर, तिथे हॉस्पिटल, सुपरमार्केट, सिडनीचं विमान, आणि पंजाबी वस्ती जुनी असल्यामुळे गुरुद्वारा आणि आपला किराणा पण. रुपन्यपहून हॉर्शम, म्हणजे जवळचं मोठं गाव, पन्नासेक किलोमीटर, आणि मेलबर्न ३०० च्या आसपास. घरात एकालाच लायसन्स असेल तर दुसरा माणूस अक्षरशः अडकतो, आणि संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात तेव्हा नवशिक्याने अंधारात गाडी काढूच नये.

पण माणसांच्या बाबतीत रुपन्यप मला मनापासून आवडतं. लोकवस्ती काही शेकड्यांची, फुटबॉल-नेटबॉल क्लब म्हणजे गावाचा जीव, २०१७ मध्ये तिथल्या सायलोवर (धान्य साठवायच्या उंच टाक्यांवर) चित्रं काढली ती पण गावातल्याच तरुण खेळाडूंची. शनिवारी मॅचला जाऊन कॅन्टीनमध्ये हात लावलात तर महिन्याभरात सगळे नावाने हाक मारायला लागतात, हे मोठ्या गावात इतक्या पटकन होत नाही. येंडाला आपल्यासारखे चेहरे जास्त दिसतात, म्हणून सुरुवात सोपी जाते.

धोके दोन्हीकडे आहेत. येंडा मार्च २०१२ च्या पुरात बुडालं होतं, त्यामुळे घर बघताना पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि इन्शुरन्सचा भाव आधी काढा. डास पण भरपूर, २०२२ मध्ये त्या भागात जपानी मेंदूज्वर आला होता, लशीबद्दल डॉक्टरशी बोला. रुपन्यपकडे उन्हाळ्यात गवताच्या आगीची भीती, टोटल फायर बॅनच्या दिवशी (आगीच्या धोक्यामुळे सरकारने बंदी घातलेला दिवस) बाहेर लाकडाची किंवा कोळशाची शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही.

गावाबाहेर फार्महाऊस घेणार असाल तर दोन्हीकडे सारखंच, पिण्याचं पाणी बहुतेक छपरावरून टाकीत साठवलेलं, संडास सेप्टिक टँकचा, कचरा स्वतः नेऊन टाकायचा, आणि मोबाईलची रेंज घरात उभं राहूनच तपासायची, नकाशावर विश्वास ठेवू नका.

लहान मुलं असतील आणि दोघांनाही नोकरी हवी असेल तर येंडा. एकाची नोकरी पक्की, दोघंही गाडी चालवणारे आणि शांतता हवी असेल तर रुपन्यप, फक्त करार करायच्या आधी एकदा ऐन जानेवारीत, म्हणजे तिकडच्या कडक उन्हाळ्यात, आठवडाभर राहून या.