म्हापशातली ग्रूप थेरपी, चार महिन्यांनंतर

पणजीला जाताना कदंब बस मांडवी पुलावर चढली की माझी छाती धडधडायची, आता मरतोच असं वाटायचं, म्हणून शेवटी इथे नाव घातलं. आठ-दहा जणं, गोल खुर्च्या. पहिल्या दिवशी मी तोंडच उघडलं नाही, पण एक काकी म्हणाल्या मला मासळी बाजारात अस्संच होतं आणि मी रडलोच. टाळत बसलं की भीती वाढते हे इथे कळलं, मग आधी स्टँडवर नुसतं उभं राहायचं, मग दोन स्टॉप, असं करत आता पूल पार होतो, हात घामेजतात ते सोडा. तक्रार म्हणजे पंखा एवढा खडखडतो की श्वास मोजताना आकडाच चुकतो, आणि वेळेवर सुरू कधीच नाही. रात्री-बेरात्री त्रास झाला तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे.