रायझन ५ ५६०० की कोअर आय५-१२४००एफ: ४.४ गिगाहर्ट्झ नक्की कुणाकडून मिळतात?

दोन्ही प्रोसेसर (पहिला एएमडीचा, दुसरा इंटेलचा) २०२२ सालचे, दोन्हींत ६ कोअर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), जाहिरातीतला कमाल बूस्टही, म्हणजे गरजेला वाढणारा वेगही, सारखाच: ४.४ गिगाहर्ट्झ. पण व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायच्या जड कामाला, लावला की हा वेग टिकेलच असं नाही. म्हणून प्रोसेसर सदोष ठरत नाही. ४.४ ही एखाद्या कोअरवरच ताण असताना, वीज आणि तापमान साथ देईल तेव्हा गाठायची कमाल मर्यादा आहे. बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, मात्र ५६०० चा ३.५ आणि १२४००एफचा २.५ आहे.

१२४००एफचे सगळे कोअर कामाला लागले की कमाल वेग ४.० वर येतो. ते इंटेलनेच ठरवलेलं आहे. त्यापुढचं मदरबोर्डच्या हातात. हा प्रोसेसर थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, मग इंटेलच्या नियमाप्रमाणे ६५ वॅटवर उतरायचं. काही बोर्ड ही मर्यादा सरळ उठवून ठेवतात, एच६१० चिपसेटचे काही स्वस्त बोर्ड ती पाळतात. त्यामुळे एकच प्रोसेसर दोन घरांत दोन वेगांनी चालतो! बोर्डवरच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नसेल तर तो तापूनही वेग पडतो. दुकानदार बोर्डचं नाव न सांगता फक्त ‘आय५’ म्हणत असेल, तर तिथेच थांबवून विचारा.

५६०० ची वीजमर्यादा ७६ वॅट. ती एएमडीसाठीचा साधा बी४५० बोर्डही आरामात पेलतो. मात्र हा प्रोसेसर तापमानाला फार हळवा आहे. ९० अंशांची मर्यादा लांब असतानाच तो वेग थोडा थोडा कमी करू लागतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, सोबत येणाऱ्या छोट्या कूलरवर ४.४ ची अपेक्षा धरू नये.

माझं मत स्पष्ट आहे. बोर्डवर कमी खर्च करणार असाल तर ५६०० घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला टॉवर कूलर (उभा, मोठा कूलर) बसवा. हीटसिंक असलेला, इंटेलसाठीचा बी६६० बोर्ड परवडत असेल तर १२४००एफही तितकाच चांगला. फक्त गेमिंगसाठी हा फरक मनाला लावून घेऊ नका. तिथे ग्राफिक्स कार्डच जास्त महत्त्वाचं.

घेतल्यावर वेग तपासायचा तर सिनेबेंच या चाचणी सॉफ्टवेअरची सिंगल-कोअर चाचणी लावा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअरचा कमाल आकडा बघा. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळ्या कोअरचा मिळून एकच आकडा दाखवतो, त्यावरून निकाल लावू नका.