तालमीच्या माडीवरचा लेखनवर्ग : बारा रविवारांचा अनुभव

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका तालमीच्या माडीवर दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा या वेळेत एक लेखनवर्ग भरतो. त्याला पाटी नाही आणि अधिकृत नावही नाही. पेठेत सगळे त्याला 'बाईंचा वर्ग' म्हणतात. बाई माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका आहेत. बारा रविवारांचे शुल्क बाराशे रुपये असून त्यात झेरॉक्स आणि मधल्या सुट्टीतला चहा येतो, वही मात्र आपली आपण आणायची. यंदा जून ते ऑगस्ट या काळात मी हा वर्ग एकही रविवार न चुकवता पूर्ण केला. असा वर्ग लावावा की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते. संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते लिहिणे, एवढाच माझा लेखनाशी आजवरचा संबंध. वाचन भरपूर आहे, कारण १८५० पासून चालू असलेले करवीर नगर वाचन मंदिर ज्या शहरात आहे, तिथे पुस्तकांची वाण पडत नाही. परंतु वाचणाऱ्याला लिहिता येतेच असे नाही, हे मला वर्गात बसल्यावर कळले. माझी दुसरी आवड मी सहसा कोणाला सांगत नाही. जंगलात, वाळवंटात किंवा बर्फात माणूस अपुऱ्या साधनांनिशी तगून कसा राहतो, हे दाखवणाऱ्या दूरचित्रवाणीवरील मालिका मी अनेक वर्षे अत्यंत मनापासून पाहत आले आहे. डिस्कव्हरी वाहिनीवर २००६ साली सुरू झालेली बेअर ग्रिल्स यांची 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' ही मालिका मी आणि माझा धाकटा भाऊ हिंदी भाषांतरात पाहत असू, आणि तेव्हापासून हा नाद सुटलेला नाही.

पूर्वी एका दुसऱ्या वर्गात मी हा विषय काढला होता. तेव्हा टीव्हीवरच्या कार्यक्रमांतून साहित्य होत नसते, असे मला सांगण्यात आले आणि पावसावर कविता लिहून आणण्यास सुचवण्यात आले. या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला विचारले, की कोणी सांगितले नसतानाही तुम्ही काय करता. मी चाचरत उत्तर दिले. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, "त्यात तुम्हाला काय बघायला आवडतं? माणूस, का त्याचं काम?" मी म्हणाले, काम. "मग काम लिहा," त्या म्हणाल्या, "आणि असं लिहा, की वाचून आम्हाला ते करता आलं पाहिजे."

या वर्गाची सगळी पद्धत त्या एका वाक्यात आहे. तिथे प्रतिभा, प्रेरणा असे शब्द फारसे ऐकू येत नाहीत. हातांनी करायचे एखादे काम घ्यायचे, त्याचे टप्पे क्रमाने मांडायचे, प्रत्येक वस्तूला तिचे खरे नाव द्यायचे, आणि एवढे साधल्यावरच मनातल्या भावनेकडे वळायचे. पहिला स्वाध्याय होता आग पेटवण्याचा. मी मालिकेत पाहिलेला प्रसंग लिहून नेला आणि त्यात 'त्याने मोठ्या शिताफीने आग पेटवली' असे वाक्य लिहिले. बाईंनी 'शिताफीने' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून विचारले, "यात हात कुठं आहेत?" मी पुन्हा लिहिले, आणि त्यानंतर आणखी दोनदा. चौथ्या खर्ड्यात असे उतरले : पावसात भिजलेली काटकी बाहेरून ओली असली तरी तिचा गाभा कोरडा असतो, म्हणून ती सुरीने तासायची, पण ढलप्या तोडून टाकायच्या नाहीत, काटकीच्याच अंगाला लोंबत ठेवायच्या, म्हणजे त्या पातळ कडांना जाळ चटकन धरतो. हे मी पडद्यावर अनेक वेळा पाहिले होते. मात्र मराठीत ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण पाहणे सगळे हिंदीत किंवा इंग्रजीत झाले होते. 'ढलपी' हा शब्द मला शेजारच्या बाकावरील सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांनी दिला.

त्याच आठवड्यात करवीर तालुक्यातील एका शेतकऱ्याने गुऱ्हाळातल्या चुलवाणाविषयी, म्हणजे उसाचा रस उकळण्याच्या भट्टीविषयी, जे पान लिहून आणले, ते या बारा आठवड्यांत ऐकलेले मला सर्वांत चांगले लेखन वाटते. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळत असताना चुलवाणात वाळलेली चिपाडे सारणारा माणूस जाळ डोळ्यांनी पाहत नाही, तर त्याच्या आवाजावरून ओळखतो. जाळ मोठा झाला तर गुळाचा रंग बिघडतो, मंद झाला तर पाक लवकर येत नाही, आणि गूळ करणाऱ्या गुळव्याने नुसती मान हलवली तरी सारणाऱ्याचा हात थांबतो. हे त्यांनी कोणतेही विशेषण न वापरता लिहिले होते. परदेशातील बर्फात कोणी गारगोटीवर ठिणगी पाडतो तेव्हा मी श्वास रोखून पाहते, आणि तितकेच कसब माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर रोज चालू असते, याकडे माझे लक्ष त्या पानामुळे गेले.

दुसरी गोष्ट मी तिथे शिकले ती निवेदकाच्या जागेविषयीची. बाईंनी प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदन समजावताना माझ्या विषयाचाच आधार घेतला, आणि त्यासाठी मला वर्गापुढे दहा मिनिटे बोलायला लावले. मी तीन मालिकांची तुलना केली. 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'मध्ये बेअर ग्रिल्स यांच्यासोबत छायाचित्रण करणारे पथक असते. २००७ साली काही मुक्काम हॉटेलात झाल्यावरून त्या मालिकेवर टीका झाली आणि त्यानंतर, तंत्रे दाखवण्यासाठी काही प्रसंग मुद्दाम रचलेले असतात, असा खुलासा पडद्यावर येऊ लागला. उलट कॅनडाचे लेस स्ट्राउड 'सर्व्हायव्हरमॅन'मध्ये एकटेच जात आणि कॅमेरेही स्वतःच वाहत. दूरवर चालत जाणारा माणूस आपल्याला दिसतो, तेव्हा कॅमेरा मांडून ठेवून ते पुढे गेलेले असतात आणि तो उचलायला त्यांना तेवढेच अंतर परत यावे लागते. तिसरी मालिका २०१५ साली हिस्टरी वाहिनीवर सुरू झालेली 'अलोन'. तिच्या पहिल्या पर्वात दहा स्पर्धकांना कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर वेगवेगळे सोडले होते. प्रत्येकाने स्वतःचे चित्रण स्वतःच करायचे आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याला पाच लाख डॉलर मिळायचे. तो विजेता ५६ दिवस राहिला.

माझे बोलणे संपल्यावर बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : 'लिहिणारा कुठे उभा आहे?' आपण मजकुरातल्या माणसासोबत आहोत की सुरक्षित अंतरावर, हे वाचकाला कळले पाहिजे, आणि दुरून पाहिलेले जवळून पाहिल्यासारखे लिहिले तर तो खुलासा न दिलेला प्रसंग ठरतो, असे त्यांनी सांगितले. ही तुलना मला इतकी नेमकी वाटली, की माझ्या इतिवृत्तांतही मी आता जे ऐकले तेच लिहिते आणि जे गृहीत धरले ते वगळते.

'अलोन'मधील स्पर्धकाला ठरवून दिलेल्या यादीतून फक्त दहा वस्तू निवडता येतात, हे ऐकून बाईंनी पुढचा स्वाध्याय तिथल्या तिथे बदलला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर सोडताना तुम्ही उचललेल्या दहा वस्तू लिहा, असे त्यांनी सांगितले. कोल्हापूरकरांना त्या महापुराविषयी वेगळे सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहर तुटले, आणि चहूकडे पाणी असताना नळाला मात्र पाणी नव्हते. जगून राहण्याच्या मालिकांत हा धडा नेहमी असतो, की माणूस अन्नाविना तीन आठवडे काढू शकतो पण पाण्याविना तीन दिवसही कठीण. आम्ही तो टँकरपुढे कळशी घेऊन उभे राहून शिकलो. पंतप्रधान मोदी आणि बेअर ग्रिल्स यांचा कॉर्बेटच्या जंगलातील भाग १२ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसारित झाला. मी कितीतरी दिवस त्याची वाट पाहत होते, परंतु त्या रात्री आमच्याकडे वीज नव्हती आणि मी बहिणीच्या घरी मेणबत्तीच्या उजेडात ओल्या पासबुकांची पाने सुटी करत बसले होते.

वर्गातल्या चोवीस जणांपैकी अकरा जणांच्या घरात तेव्हा पाणी शिरलेले होते. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतील एका ताईंनी लिहिले, की त्यांच्या यादीत पहिल्या सहा जागा साच्यांनी घेतल्या. गणेशचतुर्थी जेमतेम महिन्यावर आली होती, शाडूच्या मूर्ती तयार होत्या. सगळ्या वर नेणे शक्य नव्हते, आणि मूर्ती पुन्हा करता येते पण सासऱ्यांच्या हातचा साचा पुन्हा होत नाही, म्हणून त्यांनी साचे उचलले. हे वाचताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. माझ्या यादीत रेशन कार्ड, आईची औषधे, बॅटरी आणि इस्त्री होती. इस्त्री का घेतली याचे उत्तर मला आजही देता येत नाही. बाई म्हणाल्या, ती खोडू नका, तुमच्या यादीतली सगळ्यात खरी वस्तू तीच आहे.

आता उणिवांविषयी. चोवीस ही संख्या अशा वर्गासाठी जास्त आहे. प्रत्येकाचे लेखन दर आठवड्याला वाचले जात नाही. माझी पाळी बारा रविवारांत पाच वेळाच आली, आणि दोन पानांपेक्षा मोठ्या मजकुरावर लेखी अभिप्राय मिळत नाही. सतरा-अठरा वर्षांची मुले आणि सत्तरीचे गृहस्थ एकाच वर्गात असल्याने चर्चा कधी एका बाजूला झुकते, विशेषतः आठवणींचा विषय निघाला की तरुण मुले गप्प होतात. मोबाइलवर किंवा संगणकावर मराठी टंकलेखन कसे करावे, हे शिकवायला हवे होते. ते न शिकवल्याने माझ्या ओळखीच्या दोघींनी घरी लिहिणेच टाळले. शुद्धलेखनाला दिलेले दोन रविवार मला घाईचे वाटले. कविता लिहू इच्छिणाऱ्यांनी तर आधीच विचार करावा, कारण बाई कविता आस्थेने ऐकतात, पण छंद आणि वृत्ते यांचे शिक्षण तिथे जवळजवळ नाही.

जागेविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. जिना अरुंद आणि उभा असून कठडा एकाच बाजूला आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना तो जड जाईल. त्यांच्यासाठी खाली बसण्याची सोय करावी, असे मी तालीम मंडळाच्या कार्यकर्त्यांना सुचवले आहे. खाली आखाडा आहे. रविवारी सकाळी मुले तिथे जोर-बैठका काढत असतात आणि ताक, तेल, हळद घालून मळलेल्या लाल मातीचा वास माडीवर येतो. काहींना या आवाजाचा अडथळा वाटला. मला मात्र तो आवडला, कारण पैलवानाला एक डाव रोज शंभरदा करताना ऐकत असताना चौथा खर्डा लिहायचा कंटाळा येत नाही.

ज्यांना रोजच्या कामाविषयी, व्यवसायाविषयी किंवा स्वतः सोसलेल्या प्रसंगाविषयी नीट लिहायचे आहे, त्यांनी हा वर्ग अवश्य लावावा. तिथे कोणतीही आवड हलकी मानली जात नाही. माझ्यासोबतच्या एका मुलाने बुलेटचे इंजिन खोलण्यावर लिहिले, एका आजींनी लोणच्याच्या बरणीवर, आणि दोघांनाही तितक्याच कडक दुरुस्त्या मिळाल्या. पैसे मोजल्याचे समाधान नक्की मिळते.

शेवटच्या रविवारी मी पुरावरचा पूर्ण मजकूर वाचला. तो बोटीत बसण्याच्या क्षणी संपत होता. बाईंनी विचारले, "हेलिकॉप्टर आलं की तुमच्या त्या मालिकेतला भाग संपतो. तुमचा पूर बोटीत संपला का?" तो संपला नव्हता. पाणी ओसरल्यावर शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात घोट्याच्या वर गाळ होता आणि तो खराट्याने, फावड्याने, शेवटी चमच्याने काढायला आम्हाला आठ दिवस लागले होते. पुढचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार आहे. नावे रविवारी वर्ग सुटल्यावर माडीवरच घेतात. मी माझे नाव दिले आहे आणि त्या आठ दिवसांपैकी पहिला दिवस लिहायला घेतला आहे. सध्या उंबरठ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचा गाळ निघाला आहे.