‘टोटल हॉकी’, दुसरी आवृत्ती: पुठ्ठा दुरुस्त झाला, तीन याद्यांचं दुखणं राहिलं

पावसाळा लागला आणि पुढचा पुठ्ठा हातात आला. आतली पानं शाबूत, पण सांधा वरपासून खालपर्यंत फाटलेला. प्रत सेकंडहँड आहे. विक्रेत्याने अवस्था ‘व्हेरी गुड’ लिहिली होती, आणि सांधा आतून चिरलेला आहे हे पार्सल उघडतानाच दिसत होतं. फोटो पाठवले तर उत्तर आलं, जुन्या पुस्तकाला एवढं चालायचंच. परत करायचं तर टपालखर्च घेणाऱ्याच्या माथी, आणि तो पुस्तकाच्या किमतीहून जास्त. वाद तिथेच संपला.

पुस्तक कोणतं हे हॉकीवाल्यांना नव्याने सांगायला नको. डॅन डायमंड यांनी संपादित केलेला एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगचा, अधिकृत ज्ञानकोश, २००० सालची दुसरी आवृत्ती, जवळपास दोन हजार पानं. क्रिकेटवाल्यांकडे विस्डेन असतं तसं हे, फक्त दरवर्षी न निघणारं.

आधी पुठ्ठ्याचं उरकतो. असा ठोकळा फळीवर उभा ठेवला की पुठ्ठे फळीला टेकतात आणि पानांचा गठ्ठा मधे अधांतरी राहतो. तो स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि सगळा ताण वरच्या टोकाच्या सांध्यावर येतो. म्हणून असली पुस्तकं आडवी ठेवायची, वर दुसरं काही न रचता. सांधा नुसता सैल झाला असेल, कापड फाटलं नसेल, तर घरी दुरुस्ती होते. विणकामाची बारीक सुई घ्या, तिला पुस्तकबांधणीचा आम्लमुक्त पीव्हीए गोंद पातळ लावा. पुस्तक उभं धरून कण्याच्या आत, पुठ्ठा आणि गठ्ठा यांच्यामधल्या पोकळीत सुई गोल फिरवत अर्ध्यापर्यंत घाला. मग पुस्तक उलटं करून खालच्या बाजूने तेच. पुठ्ठ्याच्या आत बटरपेपर ठेवा, बाहेरच्या खाचेत दोन्हीकडून एकेक सुई दाबून बसवा, वर वजन ठेवा. एरवी रात्रभर पुरतं, कोकण-मुंबईच्या जुलैत पूर्ण दिवस द्या. गोंद जास्त झाला तर तो पहिल्या पानावर ओघळतो आणि पान कायमचं चिकटतं. कापड फाटलं असेल तर आतून नवी पट्टी लावावी लागते, ते बाइंडरचं काम. सेलोटेप अजिबात लावू नका. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते, गळून जाते आणि चिकटा मागे ठेवते.

आता खरी तक्रार. खेळाडूंची नोंद या पुस्तकात एका अकारविल्हे यादीत नाही, तीन याद्यांत आहे. १९६७च्या विस्तारापूर्वी (तेव्हा लीगचे संघ सहाचे बारा झाले) कारकीर्द संपलेले एका यादीत, १९६७-६८ किंवा नंतर एक जरी सामना खेळलेले दुसऱ्या यादीत, आणि गोलरक्षक तिसऱ्या. म्हणजे खेळाडू शोधण्याआधी तो शेवटचा कधी खेळला हे ठाऊक हवं. ते ठाऊक असतं तर ज्ञानकोश कशाला उघडला असता?

डिकी मूरचं पाहा. माणूस पन्नासच्या दशकातल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचा, सहा स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद), १९५७-५८ आणि १९५८-५९ असे लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे पास). त्याला जुन्या यादीत शोधायला जावं तर नाव नाही. कारण निवृत्तीनंतर १९६७-६८ मध्ये सेंट लुईस ब्लूजसाठी तो २७ सामने खेळला, आणि त्या २७ सामन्यांपायी सगळी कारकीर्द ‘आधुनिक’ यादीत गेली. बर्नी जेफ्रियनचंही तसंच, शेवटी न्यूयॉर्क रेंजर्सकडून परत उतरला म्हणून आधुनिक. कॅनेडियन्समधला त्याचा जोडीदार मॉरिस रिशार १९६०मध्ये थांबला, तो जुना. त्याचा धाकटा भाऊ आणि पाच वर्षं बरोबर कप जिंकलेला ऑन्री रिशार १९७५पर्यंत खेळला, तो आधुनिक. रेड केली १९६७चा कप उचलून थांबला, एका हंगामाने वाचला, जुना. एस्पोसिटो बंधूंपैकी फिल एकीकडे, टोनी गोलरक्षक म्हणून तिसरीकडे. एकेका घरातली माणसं अशी वेगवेगळ्या पानांवर, आणि मधली शे-दोनशे पानं प्रत्येक वेळी उलटायची म्हणजे त्या बिचाऱ्या सांध्याची परीक्षा. पुठ्ठा टपालात चिरला असेल, पण फाटायला हातभार या रचनेचाच लागतो.

वापर वाढला तसं या मताला थोडी मुरड घालावी लागली. विभागणीमागे कारण आहे, ते स्तंभ पाहिले की कळतं. आधुनिक यादीत पॉवरप्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाचे) गोल, शॉट्स, प्लस-मायनस (खेळाडू मैदानात असताना आपल्या आणि समोरच्या संघाच्या गोलांतला फरक) असे रकानेच्या रकाने आहेत. एनएचएलमध्ये शॉट्सची अधिकृत नोंद १९५९-६० पासून मिळते आणि प्लस-मायनसची १९६७-६८ पासून. सगळ्यांना एका साच्यात घातलं असतं तर १९२०च्या खेळाडूंच्या ओळीत निम्मे रकाने रिकामे राहिले असते आणि दोन हजारांऐवजी अडीच हजार पानं झाली असती. तेव्हा जुनी आणि नवी यादी वेगळी ठेवणं मान्य. पण एका पानाची नावांची सूची, पुढे नुसतं ‘जुनी’ किंवा ‘नवी’, एवढं करायला काय जात होतं? दोन हजारांत आणखी एक पान जड झालं नसतं.

यावर उपाय आहे. तिन्ही याद्या जिथे सुरू होतात तिथे वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावा, बाहेर डोकावतील अशा. सीमेवरच्या खेळाडूंची चिठ्ठी करून पुढच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवा: मूर, जेफ्रियन, डग हार्वी, अँडी बाथगेट, बेलिव्हो, हाव, सगळे आधुनिक. नियम एवढाच लक्षात ठेवा की १९६७नंतर सहाऐवजी बारा संघ झाले, एकदम सहा संघांना अनुभवी माणसं हवी होती, म्हणून पन्नासच्या दशकातले अनेक थकलेले पाय आणखी एक-दोन हंगाम चालले. शंका आली की आधी नवी यादी उघडा.

यादीतला दुसरा विशेष म्हणजे काळानुसार जुळवलेले गोल. प्रत्येक हंगामात लीगमध्ये सामन्यामागे किती गोल पडत होते ते पाहून आकडा वर-खाली केलेला. याची गरज का आहे ते एका जोडीत कळतं. १९२८-२९ मध्ये गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थने ४४ सामन्यांत २२ वेळा समोरच्याला शून्यावर ठेवलं, सामन्यामागे खाल्लेल्या गोलांची सरासरी ०.९२. पुढच्या हंगामात आक्रमणाच्या टोकापर्यंत पुढे पास देण्याची मुभा मिळाली, खेळाडू गोलसमोर तळ ठोकून बसू लागले, गोल इतके वाढले की डिसेंबर १९२९मध्ये, हंगाम चालू असतानाच, ऑफसाइडचा नियम बदलावा लागला. त्याच हेन्सवर्थची सरासरी अडीचच्या जवळ गेली. माणूस तोच, नियम बदलला. उलट टोकाला १९८१-८२. सामन्यामागे दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल पडत होते, त्या हंगामात वेन ग्रेट्स्कीचे ९२ गोल. जो मलोनचे १९१७-१८ मध्ये २० सामन्यांत ४४. हे तीन आकडे कच्चे शेजारी मांडून वाद घालणाऱ्यांना हे रकाने दाखवावेत. मात्र जुळवलेल्या असिस्टवर फार भिस्त ठेवू नका. सुरुवातीच्या काळात असिस्ट फार हात राखून दिले जात. मुळातच कमी मोजलेल्या गोष्टीला गुणाकाराने न्याय मिळत नाही.

आता विक्रमांची पानं. ती शिळी आहेत हे उघड आहे, पण किती लवकर शिळी झाली ते पाहण्यासारखं. गोलरक्षकांच्या विजयांत टेरी सॉचक ४४७ विजयांसह पहिला. २००० सालच्याच १७ ऑक्टोबरला पॅट्रिक रॉयने ४४८वा विजय मिळवला. त्यात गंमत अशी की लीगने शताब्दीच्या सुमारास जुन्या स्कोअरशीट डिजिटल केल्या, आणि आज एनएचएलच्या संकेतस्थळावर सॉचकचे विजय ४४५ दिसतात. तो हिशेब धरला तर रॉयचा विक्रम ४४६व्यालाच झाला होता आणि टाळ्या चुकीच्या रात्री वाजल्या! गॉर्डी हावचे १,७६७ सामने २०२१मध्ये पॅट्रिक मार्लोने ओलांडले, ग्रेट्स्कीचे ८९४ गोल ६ एप्रिल २०२५ला ओवेच्किनने. तेव्हा आकड्यांसाठी हे पुस्तक घेणार असाल तर पैसे वाचवा. हॉकी-रेफरन्स हे आकडेवारीचं संकेतस्थळ फुकट आहे आणि सॉचकसाठी ताजं आहे.

मग हे ठेवायचं कशासाठी? प्रत्येक नोंदीच्या तळाशी बारीक टाइपात असलेल्या देवाणघेवाणीच्या ओळींसाठी. कोण कुठून कुठे गेला, बदल्यात कोण आला, कधी. टेड लिंडसेची नोंद काढा (जुनी यादी, १९६५ला थांबला). १९५६-५७ च्या ओळीत ३० गोल, ५५ असिस्ट, ८५ गुण, त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम. आणि तळाशी: जुलै १९५७, डेट्रॉइटकडून शिकागोला, सोबत ग्लेन हॉल, बदल्यात जॉनी विल्सन, फोर्ब्स केनेडी, हँक बॅसन आणि बिल प्रेस्टन. कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम देणारा डावा विंगर आणि एक तरुण गोलरक्षक, बदल्यात ही चार नावं. हिशेब जुळत नाही. न जुळणारी ओळ दिसली की समजावं, सौदा खेळाचा नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिंडसेने खेळाडूंची संघटना जाहीर केली होती. टोरंटोचा जिमी थॉमसन, संघटनेतला आणखी एक पदाधिकारी, त्याची ओळ पाहा: तोही १९५७च्या उन्हाळ्यात शिकागोला. शिकागो तेव्हा तळाचा संघ, म्हणजे शिक्षेची बदलीच. संघटनेच्या बाकी लोकांपैकी फर्नी फ्लेमन, गस मॉर्टसन, बिल गॅड्सबी जुन्या यादीत सापडतात. डग हार्वी मात्र १९६८-६९ सेंट लुईसमुळे, अर्थातच, आधुनिक यादीत. (हो, पुन्हा तेच.)

ज्ञानकोश ‘काय’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. लीगचाच अधिकृत ग्रंथ आहे, तो सांगेल अशी अपेक्षाही नको. ‘का’साठी शेजारी डेव्हिड क्रूझ आणि ॲलिसन ग्रिफिथ्स यांचं ‘नेट वर्थ’ हवं, १९९१चं. पगार एकमेकांना सांगायचे नाहीत अशी संस्कृती मालकांना कशी सोयीची होती, १९४७च्या पेन्शन योजनेत खेळाडू वर्षाला ९०० डॉलर भरत होते आणि पुढे त्या पैशाचं काय झालं, हे त्यात आहे. या पुस्तकाची अडचण त्याच्या तारखेत आहे. माजी खेळाडूंनी पेन्शनचा खटला जिंकला तो १९९२मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगच्या बाजूचं अपील ऐकायला नकार दिला १९९४मध्ये, आणि खेळाडू संघटनेचा (लिंडसेच्या नव्हे, नंतरच्या) माजी प्रमुख ॲलन ईगल्सनने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला १९९८मध्ये. सगळं पुस्तक छापून झाल्यावर. तो खटला बाथगेटच्या नावाने चालला, हे वाचून पुन्हा त्याच्या नोंदीकडे जावंसं वाटतं.

केन ड्रायडनचं ‘द गेम’ सगळे सुचवतात, बरोबरच सुचवतात. १९७८-७९ च्या कॅनेडियन्सबद्दल, गोलरक्षकानेच लिहिलेलं. पण ते वाचायचं पुस्तक आहे, शोधायचं नाही, आणि कागदी आवृत्ती कुठेही स्वस्तात मिळते, तेव्हा इथे त्यावर शब्द खर्च करत नाही. चार्ल्स कोलमन यांचे ‘ट्रेल ऑफ द स्टॅनले कप’चे तीन खंड १८९३ ते १९६७ एवढा काळ हंगामागणिक देतात. १९१९ची अर्धवट राहिलेली अंतिम मालिका, सिॲटलमध्ये फ्लूने जो हॉलचा मृत्यू, याबाबत ज्ञानकोशापेक्षा जास्त तपशील तिथे. पण संग्राहकांनी भाव असे चढवले आहेत की विकत घेण्याचा विचारही करू नये. टोरंटोत असाल तर ग्रंथालयात बसून वाचा.

घ्यायचंच असेल तर दुसरीच आवृत्ती घ्या. पहिली १९९८ची, तिच्यात ग्रेट्स्कीचा शेवटचा १९९८-९९ हंगाम नाही, आणि विक्रेते पहिलीचं छायाचित्र लावून दुसरी विकतात किंवा उलट. मुखपृष्ठाचा नव्हे, आतल्या शीर्षकपानाचा फोटो मागवा. सोबत दोन्ही पुठ्ठे पूर्ण उघडून आतल्या सांध्याचे फोटो, आणि शेवटची पन्नास-साठ पानं सैल नाहीत ना याचा. ग्रंथालयातून काढून टाकलेली प्रत मिळाली तर शिक्क्यांना नाक मुरडू नका. तिला बहुधा प्लास्टिकचं आवरण असतं आणि किंमत निम्म्याने पडते. भारतात मागवणाऱ्यांनी टपालखर्च आधी पाहावा. टोरंटोहून किंवा न्यू जर्सीहून कोणी येणार असेल तर त्यांच्या बॅगेतून आणणं परवडतं, पण २३ किलोंच्या बॅगेत हा ठोकळा जागा आणि वजन दोन्ही खातो, तेव्हा लोणच्याच्या बरण्या परत नेण्याची भाषा करणाऱ्या मावशीला आधी विचारून ठेवा.