प्रत्येकाचा नंबर किती वेळा लागतो? पहिली ते तिसरीच्या वर्गातल्या उपक्रमांची तुलना

जूनमध्ये आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दोन नवे शिक्षक रुजू झाले. दोघांनाही द्विशिक्षकी शाळा, दोघांकडेही पहिली-दुसरी एकत्र. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, "मॅडम, उपक्रम शंभर सांगतात. आम्ही नक्की कोणते धरायचे?" तेव्हा घाईत दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण समाधान झालं नाही. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या शाळांत इतकी वर्षं पहिली ते तिसरी शिकवून जे हाती लागलं, ते इथे समोरासमोर ठेवून सांगते.

आधी माझं माप सांगते. कोणताही उपक्रम निवडताना मी एकच गोष्ट बघते: पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक मुलाचा नंबर किती वेळा लागतो? नंबर म्हणजे त्या मुलाने स्वतः वाचलं, मांडलं, लिहिलं किंवा बोललं, आणि ते मला दिसलं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड ठेवला. मुलांना शाळेपर्यंत आणायचं काम तेव्हापासून सुरू आहे आणि आज आमच्या गावात पटावरची जवळपास सगळी मुलं वर्गात असतात. तरीही वर्गात बसून मुलाचा दिवसभर नंबरच लागत नाही, असं होतं. माझ्या वर्गातही झालंय.

वाचन: बाराखडी की अक्षरगट?

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "बाई, बाराखडी कधी घेणार?" बाराखडीवर लोकांचा जीव आहे आणि तो उगाच नाही. तिला ताल आहे, घरी आजीलाही ती म्हणून घेता येते. पण चौतीस व्यंजनं धरली तर बाराखडीची रूपं होतात चारशे आठ. ती सगळी म्हणून होईपर्यंत मुलाने एकही अर्थाचा शब्द वाचलेला नसतो.

माझ्या वर्गातली एक मुलगी 'क का कि की' अगदी गोड म्हणायची, कुठेही न अडखळता. मी फळ्यावरच्या 'को'वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? ती थांबली, मग ओठांतल्या ओठांत 'क'पासून सुरुवात केली आणि पळत पळत 'को'ला येऊन थांबली. तिला गाणं येत होतं, अक्षर येत नव्हतं. त्या दिवसापासून मी बाराखडी दिवाळीनंतर घेते.

अक्षरगटाने सुरुवात केली तर चित्र वेगळं दिसतं. क, म, ल, न ही चार अक्षरं आणि एक काना एवढंच घ्या. कान, नाक, मान, काका, मामा, नाना, मका, माल, काम, लाल, नाला, कमल, कमान. दुसऱ्या आठवड्यात मूल तेरा शब्द वाचतं आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा असतो. ही पद्धत मला उजवी वाटते. तिचा तोटा इतकाच, की गट कोणत्या क्रमाने घ्यायचे हे शिक्षकाला आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि पाठ्यपुस्तकाचा क्रम थोडा पुढे-मागे झाला तर डगमगून चालत नाही.

आता हे गट शिकवायचे कसे? मोठी अक्षरकार्डं हातात धरून सगळ्या वर्गाला दाखवायची, ही सगळ्यांची आवडती पद्धत. मी कार्ड वर केलं की अठ्ठावीस मुलं ओरडतात. खरं तर सहा-सात ओरडतात, बाकीची त्यांच्या मागे. एकेकट्याला विचारायचं म्हटलं तर तासात प्रत्येकाचा नंबर जेमतेम एकदा लागतो. याउलट जोडीला एक अशी छोट्या अक्षरपट्ट्यांची पाकिटं दिली आणि "जमतील तेवढे शब्द लावा" म्हटलं, तर त्याच वेळात एकेक जोडी आठ-दहा शब्द लावते आणि मी बाकांमधून फिरत त्यांची बोटं बघू शकते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पट्ट्या कापल्या तर खर्चही नाही. मोठी कार्डं मी नवीन अक्षराच्या ओळखीपुरती वापरते, पाच मिनिटं.

चित्राच्या कार्डांबद्दल एक सावधगिरी. 'ण'च्या कार्डावर बाण काढलेला असतो आणि मूल 'ण' बघून 'बाण' म्हणतं. 'चाक' आणि 'चहा' यांतला च आपण वेगवेगळा उच्चारतो, हेही मुलांच्या कानाला बरोबर कळतं. एकाने मला तसं विचारलंही. म्हणून चित्र दोन दिवस ठेवायचं आणि मग झाकायचं.

लेखन: श्रुतलेखन आणि मनाचं लेखन

नंबराच्या मापाने श्रुतलेखन वाईट नाही. एकाच वेळी अठ्ठावीस हात चालतात, आणि कोण कुठे अडलंय ते संध्याकाळी वह्या बघताना स्वच्छ दिसतं. रफार, 'दुसऱ्या'मधला र, वेलांटी कुठली, सगळं उघडं पडतं. पण त्यात मुलाला सांगायचं असं काही नसतं. म्हणून आठवड्यातून दोनदा, दहा शब्द, गुण न देता. ती माझी तपासणी असते, मुलाची परीक्षा नसते.

लिहायला शिकवण्यासाठी मला गप्पांचा तास जास्त उपयोगी पडला. सकाळी एखादं मूल काहीतरी सांगतं, मी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते आणि सगळे ते वाचतात. गेल्या वर्षी दुसरीतल्या एकाने सांगितलं, "आमची म्हस याली. रेडकू काळं हाय. त्येच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय." मी तसंच्या तसं लिहिलं. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला ती तीन वाक्यं वाचायची होती, ज्यांना अजून जोडाक्षर येत नव्हतं त्यांनासुद्धा. दुसऱ्या दिवशी 'म्हस'खाली 'म्हैस' लिहिलं आणि सांगितलं, घरात असं, पुस्तकात असं. दोन्ही शब्द राहिले. पहिल्याच वाक्यावर लाल पेन चालवलं असतं तर ते मूल पुढच्या वेळी "मी शाळेत जातो" एवढंच सांगून बसलं असतं.

मुलाच्या अनुभवातून शिकवण्याला कोल्हापुरात चांगली परंपरा आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली इथेच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. नव्या शिक्षकांनी तिथल्या कामाबद्दल जमेल तेवढं समजून घ्यावं.

गणित: काड्या, माळ की नोटा?

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मराठी मुलाची संख्यांमधली अडचण खास मराठीतली आहे आणि साधन निवडताना ती ध्यानात घ्यावीच लागते. आपण 'बासष्ट' म्हणतो तेव्हा कानावर आधी दोन येतात, मग साठ. मूल ऐकतं तसं लिहितं: २६. दुसरी अडचण 'एकोण'ची, म्हणजे 'एकाने कमी'ची. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानावं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्या वादात कोण बरोबर, यात मी इथे शिरत नाही. पण ज्या अडचणीतून तो बदल सुचला ती खरी आहे, आणि ती रोज वर्गात बसलेली असते.

माझ्याकडे तिसरीत एक मुलगी होती. सातचा पाढा घडाघडा म्हणायची, "सात साती एकोणपन्नास". मी म्हटलं, लिही बघू एकोणपन्नास. तिने लिहिलं ५९. 'पन्नास' ऐकलं म्हणून पाच, 'एकोण'ला नऊ असतो हे आठवलं म्हणून नऊ. तिच्या डोक्यात तर्क होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

मी तिला आधी काड्या दिल्या. दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या. तिने शांतपणे पाच गठ्ठे आणि नऊ काड्या मांडल्या. काड्यांनी तिची चूक दुरुस्त केली नाही, नुसती मांडून दाखवली. मग मण्यांची माळ काढली. शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, असे आलटून पालटून. म्हटलं, पन्नासाव्या मण्यावर बोट ठेव. ठेवलं. आता एकाने उणा पन्नास, कुठे आहे? तिचं बोट एक मणी मागे सरकलं. लाल दहातला शेवटचा मणी सोडून ते नवव्यावर आलं. तिने आधीचे दशक मोजले, चार. "चार आणि नऊ," ती म्हणाली, आणि मग स्वतःच एकोणतीस, एकोणचाळीस शोधत सुटली. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्या एकाच दिवसात बसल्या. नव्व्याण्णव तेवढी वेगळी, ती तिने हसत पाठ केली.

म्हणून माझा निवाडा असा: संख्येचं नाव, पुढची-मागची संख्या, लहान-मोठी, यासाठी माळ. एकक-दशक, हातच्याची बेरीज आणि विशेषतः दशक सुटा करून करायची वजाबाकी, यासाठी काड्या. ५२ मधून ८ काढायचे तर मूल रबर सोडतं आणि गठ्ठ्यातल्या दहा काड्या त्याच्यासमोर पडतात. माळेवर हे दिसत नाही. खोट्या नोटांवरही दिसत नाही, कारण दहाची नोट कितीही उलटसुलट केली तरी तिच्यात दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. नोटा तिसरी पायरी आहेत. काड्यांवर हात बसल्यावर त्या काढल्या की मुलं झपाट्याने पुढे जातात; पहिलीत आधीच काढल्या तर नुसता रंगांचा खेळ होतो.

आणि पाढे? म्हणून घ्या, सकाळच्या परिपाठात दहा मिनिटं. पाठ असलेला पाढा भागाकाराला फार उपयोगी पडतो. पण त्या पाढ्यातली संख्या आठवड्यातून एकदा तरी मुलाने लिहिलेली किंवा मण्यांवर दाखवलेली असू दे.

बाजार: वर्षातून एकदा की रोज कोपऱ्यात?

शाळेचा आठवडी बाजार सगळ्यांना माहीत आहे. मुलं मेथी, कोथिंबीर, शेंगा घेऊन बसतात, गाव येतं, फोटो निघतात. मला तो दिवस मनापासून आवडतो आणि तो बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दिवशी हिशेब बहुतेक वेळा मागे उभी राहिलेली आई करते. गणित शिकवायचं असेल तर वर्गातल्या कोपऱ्यातलं छोटं दुकान बरं. रिकाम्या पुड्या, किमतीच्या चिठ्ठ्या, रोज नवे दोन दुकानदार. एका वेळी चारच मुलं गुंततात हा त्याचा दोष आहे, म्हणून बाकीच्यांना तेव्हा पट्ट्या किंवा काड्या द्याव्या लागतात.

प्रश्नही मुलांच्याच घरातले घ्या. गुऱ्हाळ असलेल्या घरचा मुलगा आमच्याकडे गणित घालतो, "एका आदणाचे सहा रवे, तर चार आदणांचे किती?" (आदण म्हणजे एका वेळी कढवलेला रस, रवा म्हणजे गुळाची ढेप.) आणि ज्यांनी रस कढवायची काहील पाहिलीय ती सगळी बोटं मोडायला लागतात.

टीव्ही आणि मोबाईलबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर जाऊन गोष्ट ऐकवायला, चांगला उच्चार कानावर घालायला ते छान आहे. दर तीन-चार मिनिटांनी थांबवून विचारलं नाही, तर एकाही मुलाचा नंबर लागत नाही.

इयत्तेप्रमाणे बसवायचं की पातळीप्रमाणे?

वरचे सगळे उपक्रम कोणाबरोबर करायचे, हा प्रश्न नव्या शिक्षकांना उशिरा पडतो. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधं गणित यावं हे ध्येय २०२६-२७ पर्यंतचं ठेवलं. पण दुसरीच्या वर्गात एक मूल गोष्ट वाचतं आणि त्याच्या शेजारचं अजून अक्षरावर अडलेलं असतं. 'प्रथम' संस्थेने रुजवलेली पातळीप्रमाणे गट करायची रीत, म्हणजे प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, इथे कामाला येते. एका मुलाची पडताळणी काही मिनिटांत होते.

आमच्याकडे तिची गरज दुप्पट आहे. कारखाने सुरू झाले की ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आगेमागे वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. इयत्तेच्या क्रमाने चाललेल्या वर्गात ती मागच्या बाकावर बसून राहतात. पातळीच्या गटात त्यांना आल्या दिवसापासून जागा असते. धोका एकच: गटाला 'ढ' हे नाव चिकटतं. म्हणून गटांना पन्हाळा, रंकाळा, जोतिबा अशी नावं द्या आणि दर पंधरा दिवसांनी मुलं हलवा. दिवसभर मात्र असे गट ठेवू नका. एक तास पुरतो. बाकी वेळ मुलं आपल्या वर्गसोबत्यांबरोबरच असावीत.

त्या दोन नव्या शिक्षकांना मी आता एवढंच सांगेन: पहिल्या आठवड्यात पडताळणी करा. त्याच शनिवारी मुलांना बरोबर घेऊन काड्यांचे गठ्ठे बांधा आणि माळ ओवा. ओवताना दहावा मणी आला की थांबून मोठ्याने मोजायला लावा. पट्ट्यांची पाकिटं सोमवारपर्यंत तयार ठेवा. दुकान आणि बाराखडी दिवाळीनंतर.