सर आणि बाई: मुख्याध्यापकाच्या खुर्चीत

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दोघांच्याही हाताखाली काम केलं. सरांचा कारभार सूचना वहीत: मजकूर, खाली सगळ्यांच्या सह्या, विषय संपला. केंद्रप्रमुख आले की फायली तयार. बाई मात्र मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्याशेजारी उभ्या राहून विचारायच्या, "स्नेहसंमेलनाचं काय करायचं, बोला." वेळ जायचा, पण नंतर कुणी कुरकुरत नसे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात. सरांच्या बैठकीत त्या सही करून जात. बाईंच्या बैठकीत चक्क भांडत.

हा फरक स्त्री-पुरुषाचा? मला तरी स्वभावाचा वाटतो. बाईंच्या आधीच्या मुख्याध्यापिका सरांहून कडक होत्या. त्यांच्याकडून खडूसुद्धा सही करून घ्यावा लागे.