बॉयलरखाली बांबू की कोळसा?

एक-दोन टनी (तासाला तितकी वाफ देणारे) बॉयलर चालवणाऱ्या आणि इंधन बदलावे की नाही या विचारात असलेल्या छोट्या दुग्धप्रक्रिया उद्योजकांसाठी हे लिहीत आहे. पनीर-खव्याच्या वाफेसाठी मी दोन्ही इंधने वापरली असून सध्या बांबूचे तुकडे जाळतो, हे आधीच सांगितलेले बरे. उष्मांकात फारसे अंतर नाही. देशी कोळसा काय किंवा नीट वाळलेला बांबू काय, दोन्ही किलोमागे 4000 किलोकॅलरीच्या आसपास असतात.

कोळशाने मला जेरीस आणले ते राखेपायी. देशी कोळशात 30 ते 45 टक्के राख असते, म्हणजे दहा टनांची गाडी रिकामी केली की तीन-चार टन राख बाहेर काढण्याची तजवीज करावी लागते. उन्हाळ्यात वीटभट्टीवाले ती उचलतात. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि नेमका तेव्हाच आवारातला ढीग भिजून काळे पाणी ओढ्याकडे धाव घेते. ताडपत्री टाकली, भोवती बांध घातला, तरी खालून पाझर सुरूच राहतो, आणि या राखेत अल्प प्रमाणात का होईना आर्सेनिक असते हे ठाऊक असताना शेजारच्या विहिरीकडे बघून स्वस्थ बसवत नाही. बांबूची राख साधारणपणे 5 टक्क्यांच्या आत राहते, तिच्यात पालाश असते आणि ती न्यायला शेतकरी स्वतःच पोती घेऊन येतात. इंडोनेशियाच्या कोळशात राख पुष्कळ कमी असते, हे मान्य केले पाहिजे. मात्र तो हजारो किलोमीटरचा सागरी प्रवास करून येतो आणि जळताना कार्बन डायऑक्साइड तितकाच सोडतो.

बांबूने वाढताना घेतलेलाच कार्बन जळताना परत जातो, हा युक्तिवाद मात्र सरसकट स्वीकारू नये असे मला वाटते. तो बांबू बांधावर किंवा पडीक माळावर वाढलेला असेल तर हिशेब जमतो. झाडे तोडून किंवा ज्वारी-कडब्याची जमीन अडवून लावलेला असेल, तर तो बिघडतो. खताचेही तसेच आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, शिवाय शेतात टाकल्यावर त्यातून काही अंशी नायट्रस ऑक्साइड निघतो, जो तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट प्रभावी आहे. म्हणूनच इंधन म्हणून सुचवले जाणारे हत्तीगवत (नेपियर) मला पटले नाही: वर्षातून अनेक कापण्या, प्रत्येक कापणीमागे पाणी आणि नत्र, आणि वर राखेतील सिलिका व पालाश वितळून भट्टीच्या जाळीवर जमणारे खंगर, जे फायरमनला (भट्टी सांभाळणाऱ्या कामगाराला) पहारीने फोडावे लागतात. बांबूचे बेट एकदा धरले की चार-पाच वर्षांनी तोड सुरू होते आणि पुढे दरवर्षी पक्व काठ्या तेवढ्या काढता येतात, नांगरट नाही.

वाहतुकीचा आक्षेप नेहमी घेतला जातो. सिंधुदुर्गातून घाट चढून दहा टन माणगा (कोकणातली बांबूची एक जात) आणायचा, तर जाऊन-येऊन सुमारे 200 किलोमीटर होतात आणि लिटरला 4 किलोमीटर धरल्यास 50 लिटर डिझेल लागते, म्हणजे 135 किलो कार्बन डायऑक्साइड. दहा टन देशी कोळसा जळताना तोच वायू 16 टनांच्या घरात निघतो, आणि चंद्रपूर-वणीहून तो आमच्या भागात यायला अंतरही कितीतरी अधिक कापतो.

बांबूची गैरसोय नाही असे नव्हे. अख्खी काठी भट्टीत टाकली तर पेरातील हवा तापून ती फटाफट फुटते, त्यामुळे चिपर (तुकडे करणारे यंत्र) घ्यावाच लागतो, आणि त्याची वीजही हिशेबात धरावी लागते. ओला माल धुराचे लोट काढतो. धुरातले धूलिकण अडवण्यासाठी सायक्लोन किंवा बॅग फिल्टर कोळशाइतकाच इथेही आवश्यक आहे. पाइपचा गॅस दारात आला असेल, तर धुराच्या बाबतीत त्याच्याशी बांबूची बरोबरी होणार नाही. गॅस नसेल आणि पावसाळ्यापुरता साठा कोरडा ठेवण्याइतकी पत्र्याची शेड उभारता येत असेल, तर मी बांबूच सुचवेन. शेडला जागाच नसेल, तर निदान कमी राखेचा कोळसा घ्यावा.